अठराव्या ओळीतलं नाव

वस्तीत तिला नर्सबाई म्हणणारं कुणी नव्हतं. सगळे म्हणत अंतरबाई. बावीस वर्षं दारोदार फिरून तिनं एकच गोष्ट लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितली होती: दोन पोरांत अंतर ठेवा. ती गल्लीत शिरली की पोरंच आत वर्दी द्यायची, "आई, अंतरबाई आली!" आणि आतली बाई, कडेवर एक आणि गुडघ्याला बिलगलेलं दुसरं, तिसरं लपवायला मागल्या खोलीत पळायची.

अंगानं आडवी, आवाजानं उभी अशी ही बाई. खांद्याला चामड्याची पिशवी. पिशवीत बीपीचं यंत्र, लोहाच्या गोळ्या आणि मेणकापडाचा गुंडाळलेला तक्ता. तक्त्यावर दोन घरं काढलेली. एका घरात एक गुबगुबीत मूल आणि हसणारे आईबाप, दुसऱ्या घरात सहा काटकुळी पोरं आणि कपाळाला हात लावून बसलेला बाप. सहा पोरांची आई चित्रात नव्हतीच. चित्रकाराला जागा उरली नसावी.

तक्ता संपला की बाईचं खरं भाषण सुरू व्हायचं. "चित्रावर भरवसा नसेल तर माझ्याकडे बघा. मला एक मुलगी. एकच! आज सायकल चालवते, उद्या कॉम्प्युटर चालवेल, परवा मलाच चालवेल."

बायका हसायच्या आणि पोरगी कोपऱ्यात उभी राहून जमिनीकडे बघायची. कारण पोरगीला बरोबर आणलेलं असायचं. सहा वर्षांची असताना तिला टेबलावर उभं करून बत्तीस नाही पण होते तेवढे दात मोजून दाखवले. बाराव्या वर्षी तिचं लसीचं कार्ड बाईबाईच्या हातातून फिरलं. सोळाव्या वर्षी तिचे मार्क शेजारच्या वस्तीतल्या बाळंतिणींनासुद्धा पाठ होते. लोक तिला तक्त्यातली पोर म्हणत. चांगल्या अर्थानं म्हणत, पण म्हणत.

वस्तीत बाईला बधत नव्हती एकच, कोपऱ्यावरची इस्त्रीवाली म्हातारी. अडुसष्ट वर्षांची, सहा पोरं जन्माला घालून सहाही जगवलेली. निखाऱ्यांची जड इस्त्री अशी फिरवायची की कॉलरसुद्धा गुमान झोपायची.

"आजी, मी तुमच्या वेळेला असते ना, तर सहा झाली नसती," बाई एकदा तिला म्हणाली.

"तुझ्यासारखी बया तुझ्या आईच्या वेळेला असती तर तूच झाली नसतीस," म्हातारी म्हणाली. "चौथी ना गं तू घरातली?"

बाई चौथीच होती. ती पिशवी सावरून पुढच्या दाराला गेली.

घरी तिचा नवरा. पंप दुरुस्त करायचा, म्हणून मिस्त्री. त्या घरात बोलायचं काम बाईनं उचललं होतं आणि ऐकायचं मिस्त्रीनं, आणि संसार सुरळीत चालला होता. पोरगी एकविसाव्या वर्षी आईच्याच आरोग्य केंद्रात चिकटली. नर्सांनी हातानं भरलेली रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायची, हे तिचं काम. बाईचं रजिस्टर म्हणजे मोत्याची माळ. खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही. नव्या नर्सांना बाई दम द्यायची, "गरोदर बाई सापडली की त्याच दिवशी ओळ पडली पाहिजे. उद्या लिहिते म्हणणारीचं कधीच लिहून होत नाही."

तर अशी ही बाई त्रेचाळिसाव्या वर्षी एके दिवशी बोटं मोजायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की दोन महिने झाले, पाळी नाही.

तिनं घाबरून वगैरे जायचं कारण नव्हतं. चाळिशीपुढच्या निदान चारशे बायकांना तिनं हेच समजावलं होतं: वय झालं, शरीर दुकान आवरतं, घाबरू नका, कॅल्शियम घ्या, चाला. तिनं कॅल्शियम घेतलं आणि चालायला लागली. चालूनही पोट वाढलं, तेव्हा म्हणाली, ह्या वयात सुटतंच. पोटात काहीतरी फिरायला लागलं, तेव्हा गॅसची गोळी घेतली. गोळी घेतली की फिरणं थांबायचं, म्हणजे निदान बरोबर. दुसऱ्या कुठल्या बाईनं हे सगळं सांगितलं असतं तर अंतरबाईनं तिला बोट धरून तपासणीच्या खोलीत नेलं असतं. पण ही बाई दुसरी नव्हती ना.

पाचव्या महिन्यात केंद्रात एक नवी नर्स आली, शाळेतून नुकतीच सुटल्यासारखी. तिला पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र शिकवायचं काम बाईकडे आलं. बाईची शिकवायची एक पद्धत होती.

"आधी रिकाम्या पोटाचा आवाज ऐकायचा," ती म्हणाली. "गुडगुड, खळखळ, काय असेल ते. तो कानात बसला की मग भरल्या पोटाचा लगेच ओळखू येतो. ये, माझ्यावर लाव."

आणि बाई टेबलावर आडवी झाली.

नव्या नर्सनं यंत्र टेकवलं. फरशीवरून घोडं दौडत जावं तसा आवाज खोलीभर झाला. धडधड, धडधड, धडधड.

नवी नर्स बराच वेळ मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, हे जर रिकाम्याचं असेल तर मला फरक काही कळला नाही."

बाई छताकडे बघत पडली होती.

मग ती उठली, कपडे नीट केले, टेबलाशी गेली, रजिस्टर उघडलं आणि अठराव्या ओळीत लिहिलं. नाव. वय त्रेचाळीस. महिना पाचवा. आधीची बाळंतपणं एक. शेवटच्या मुलाचं वय एकवीस. जोखीम: होय. आपण काय करतोय हे डोक्यात शिरायच्या आत हातानं ओळ पुरी केली होती. सापडली की त्याच दिवशी ओळ.

संध्याकाळी घरी मिस्त्री एका पंपाचं पोट उघडून बसला होता. बाईनं एका दमात सांगून टाकलं. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"ठोके कसे आहेत?" त्यानं विचारलं.

"नियमित."

"मग चालू दे," मिस्त्री म्हणाला आणि पाना उचलला. पण त्यानंतर त्यानं तोच नट तीन वेळा घट्ट केला आणि तीन वेळा सैल केला.

नवऱ्याचं झालं. राहिली पोरगी. लोकांच्या घरी जाऊन काय वाटेल ते सांगायचं तंत्र बाईला अवगत होतं. बसायचं, पाणी मागायचं, अर्धा पेला प्यायचा, पेला खाली ठेवायचा आणि सांगायचं. ह्या अर्ध्या पेल्यावर तिनं जुळी सांगितली होती, क्षय सांगितला होता, एका सासूला तर दोष सुनेत नाही, तुमच्या लेकात आहे, हेही सांगितलं होतं. तिनं पोरगीकडे पाणी मागितलं. अर्धा पेला प्याली. मग उरलेला अर्धाही प्याली.

"काय गं आई, काही सांगायचंय का?"

"नाही. तहान लागली होती."

दुसऱ्या दिवशी दोन पेले झाले, तिसऱ्या दिवशी तीन. पोरगी म्हणाली, "आई, तू एकदा साखर तपासून घे." चौथ्या दिवशी सोमवार उजाडला. आणि सोमवारी रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढायची.

सोमवार म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस. बाकांवर पंचवीस-तीस बायका, त्यांच्या सासवा, त्यांची पोरं. बाई खिडकीशी बसून वजनं घेत होती. आतल्या खोलीतून पोरगी रजिस्टर छातीशी धरून आली. कामाला चोख पोर, आईवर गेलेली. एक चूक सापडली होती आणि ती खपवून घेणार नव्हती.

"आई," ती लांबूनच मोठ्यानं म्हणाली, "अठराव्या ओळीत घोटाळा केलायस. नर्सच्या जागी लिहायचं तुझं नाव पेशंटच्या जागी लिहून ठेवलंयस. वर शेवटचं मूल एकवीस वर्षांचं. कॉम्प्युटर घेतच नाही, सारखा विचारतोय, माहिती तपासा, माहिती तपासा. खरी बाई कोण ते सांग, मी बदलते."

वजनकाट्यावर उभ्या असलेल्या पेशंटनं श्वास धरला. तिचं वजन कधी नव्हे ते स्थिर दाखवायला लागलं.

"बरोबर आहे ते," बाई म्हणाली.

"काय बरोबर आहे?"

"नाव."

पोरगीनं ओळीकडे बघितलं. मग आईच्या चेहऱ्याकडे. मग, वीस वर्षांत पहिल्यांदा नीट, आईच्या पोटाकडे. आणि जे आपल्याला कळलं ते आपणच तीस बायकांना ओरडून सांगितलं, हेही त्याच क्षणी तिला कळलं. ती वळून आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बाईला बरं वाटलं असतं.

बाकावर पहिल्यांदा कुणीतरी नाकातून हसलं आणि मग बांध फुटला.

"एकवीस वर्षांचं अंतर! बाई, आम्हाला तर तीनच सांगत होतात."

"आम्ही आपले अडाणी, दोन-अडीच वर्षांत उरकतो."

"म्हणून तक्त्यात दोन घरं असायची होय! एक आधीचं, एक नंतरचं."

दुपारपर्यंत बातमी इस्त्रीच्या टेबलापाशी पोचली. संध्याकाळी बाई खाली मान घालून चालली होती, तर म्हातारीनं इस्त्री उभी केली. "थांब गं. कितवा?"

"पाचवा."

"आणि तुला कळलं कधी?"

"शुक्रवारी."

म्हातारी पोट धरून हसली, डोळे पुसले. "मला सहाही वेळा आठ दिवसांत कळायचं. आणि मला अक्षर वाचता येत नाही."

आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांनी बाईला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण वरून काय विचारतील ह्या भीतीनं सदैव पिचलेला. "अभिनंदन," ते म्हणाले. "फक्त पोट दिसतंय तोवर तक्ता बाहेर काढू नका. दोन्ही एकदम बरं दिसत नाही." मग टाचणी हातात फिरवत म्हणाले, "किंबहुना तुम्ही आता औषधांच्या खोलीतच बसा. फिरती नवीन नर्सला देऊ. तुमच्या तब्येतीसाठी हो."

बाईनं तेही गिळलं. वस्ती हसली, तिनं हसू दिलं. फिरती गेली, जाऊ दिली. तिला एकच हवं होतं, पोरगीनं बोलावं. भांडावं, शिव्या द्याव्या, पण बोलावं. आणि पोरगी घरात एक अक्षर बोलत नव्हती. जेवायची, ताट घासायची, खोलीत जायची. मिस्त्रीशी बोलायची, म्हणजे जवळजवळ कुणाशीच नाही.

मग आला पहिला गुरुवार. जोखमीच्या यादीतल्या प्रत्येक बाईला आठवड्यातून एकदा केंद्रातून फोन करायचा, असा नियम. करायचा कॉम्प्युटरवालीनं. दिवसा नंबर लागत नाहीत, म्हणून पोरगी हे फोन संध्याकाळी घरून करायची. सहा वाजले आणि स्वयंपाकघरात बाईचा मोबाइल वाजला.

"नमस्कार. आरोग्य केंद्रातून बोलतेय. अठरा नंबर का?"

आवाज दोनदा ऐकू येत होता. एकदा भिंतीतून आणि मागोमाग फोनमधून. बाईनं गॅस बंद केला.

"हो. अठरा नंबर."

"पायांना सूज?"

"थोडी."

"बाळाची हालचाल?"

"आहे. आधी मला ते गॅस वाटलं होतं."

"तेवढं विचारलेलं नाही. लोहाच्या गोळ्या?"

"घेते."

"जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. काही तक्रार असल्यास केंद्राशी संपर्क साधा. नमस्कार."

मिस्त्री दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात बसून पंप घासत होता. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि पुन्हा घासायला लागला.

पण बाईचं काम झालं. गुरुवारी साडेपाचलाच ती मोबाइल पूर्ण चार्ज करून, हात पुसून तयार बसायला लागली. पुढच्या गुरुवारी तिनं एक नसलेली पाठदुखी सांगितली, म्हणजे दोन प्रश्न जास्त येतात. त्याच्या पुढच्या गुरुवारी झोप लागत नाही म्हणाली. पोरगी फोनवर सल्ला द्यायची आणि रात्री बाईच्या बिछान्यावर एक जास्तीची उशी आलेली असायची. कुणी ठेवली, कोण जाणे. महिन्याभरात बाईच्या अंगी इतकी दुखणी झाली की यादीतल्या बाकीच्या बायका तिच्यापुढे पैलवान वाटाव्या.

आठव्या महिन्यात मात्र एक खरं दुखणं आलं, आणि ते बाईनं सांगितलं नाही.

औषधांच्या खोलीत बसल्या बसल्या तिनं स्वतःचं बीपी बघितलं. दीडशे-शंभर. पुन्हा बघितलं, दीडशे-शंभर. हा आकडा कार्डावर पडला की पुढचा नियम तिला तोंडपाठ होता: बाई त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात, बाळंतपण होईतो तिथंच खाटेवर, आणि नाव केंद्राच्या यादीतून कमी. यादीतून कमी म्हणजे गुरुवारचा फोन बंद.

बाईनं पेन उचललं आणि कार्डावर लिहिलं, एकशेदहा-सत्तर. पुढच्या आठवड्यात लिहिलं, एकशेदहा-सत्तर. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तिच्या मोत्यासारख्या अक्षरात.

बुधवारी दुपारी पोरगी केंद्रातून लवकर घरी आली. हातात बीपीचं यंत्र आणि ते कार्ड. बाई पाय वर करून पडली होती. पोरगीनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. काट्याकडे बघितलं. हवा सोडली आणि पुन्हा दाबला.

"एकशेसाठ," ती म्हणाली. "आणि कार्डावर काय लिहिलंयस? तीन आठवडे तोच आकडा! मी नोकरीला लागले तेव्हा तूच शिकवलंस मला, सलग तीन वेळा एकच बीपी आलं तर समज, नर्सनं घरी बसून लिहिलंय. नवीन पोरींना रडेपर्यंत बोलतेस तू ह्यावरून. आणि स्वतः? मरायचं होतं का तुला?"

चार महिन्यांनी पोर तिच्याशी बोलत होती. बाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते तरी तिला बरं वाटलं, इतकी ती बिनडोक झाली होती.

"फोन बंद झाला असता ना," ती म्हणाली.

"कसला फोन?"

"गुरुवारचा."

पोरगी खाली बसली. पट्टा दंडाला तसाच. मिस्त्री दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

"तुला काय वाटतं, मी लाजले म्हणून बोलत नाही?" पोरगी म्हणाली. "लाज वाटली, आठवडाभर वाटली. लोक दुसरं काही मिळालं की हे विसरतात. पण सगळ्या वस्तीला माझ्या जन्मापासून ओरडून सांगत आलीस, मला एकच, एकच पुरे. मला टेबलावर उभं केलंस. माझे दात मोजलेस लोकांपुढं. मी गणितात नापास झाले तेव्हा तू रडलीस ती माझ्यासाठी नाही, पुढच्या सभेत काय सांगू म्हणून. मी तुझा तक्ता होते, आई. आणि आता दुसरं येतंय, तर ते मला रजिस्टरातून कळतं. मग मी कशाला होते? पुरत नव्हते का?"

बाईला शंभर उत्तरं येत होती, सगळी सभेतली. तिनं त्यातलं एकही दिलं नाही.

"हे बाळ ठरवून नाही आलं गं," ती म्हणाली. "मला वाटलं पाळी गेली. पाच महिने मी गॅसची गोळी घेत होते. त्या नव्या नर्सला म्हटलं, ये, रिकाम्या पोटाचा आवाज ऐक."

"काय?"

"टेबलावर आडवी झाले नमुना म्हणून. आणि आत घोडं पळतंय. आणि ती भवानी मला म्हणते, बाई, फरक कळला नाही."

पोरगीला हसायचं नव्हतं. तिनं ओठ आवळले, भिंतीकडे तोंड केलं, पण खांदे हलायला लागले ते लागलेच. हसता हसता रडली, नाक पुसलं आणि उठली.

"चल. बाबा रिक्षा बघतायत. मी रजा टाकते, सोबत राहते. पण अट आहे. ह्या बाळाचा तक्ता करायचा नाही. मलाही परत कुठं दाखवायचं नाही. दात नाही, मार्क नाही, काही नाही. जिभेवर आलं तरी गिळायचं. एकदा जरी केलंस ना, तर मी फोनसुद्धा करणार नाही."

"आणि मी सभेत बोलू काय मग?"

"आधी जगून तर ये."

इस्पितळात तीन आठवडे दोघी एका खाटेच्या दोन बाजूंना राहिल्या आणि रोज भांडल्या. बाई तिथल्या नर्सांच्या चुका काढायची, पोरगी तिला गप्प बसवायची. पहिल्याच दिवशी आयानं दोघींकडे बघून विचारलं, "बाळंतीण कुठली, तू का ही?" पोरगी म्हणाली, "जी जास्त बोलते ती." बाळ पंधरा दिवस आधी आलं, मुलगी, अडीच किलोला थोडी कमी, आवाज आईचा. बीपी उतरलं. मिस्त्रीनं लेक हातात घेतली, छातीला कान लावला आणि म्हणाला, "चालू आहे."

चार महिन्यांनी बाई कामावर आली ती परत औषधांच्या खोलीतच. फिरती नवीन नर्सकडेच राहिली होती, आणि वस्तीत तिनं दार वाजवलं की पोरं आता आईला "कुणी नाही" म्हणून सांगायची. बाईचे पाय शिवशिवायचे.

एक दिवस मोठे डॉक्टर हसतमुखानं आले. वरच्या साहेबांच्या कानावर बाईची गोष्ट गेली होती आणि त्यांना ती फार आवडली होती. उशिराचं बाळंतपण, जोखीम, वेळेवर इस्पितळ, आई-बाळ सुखरूप! साहेब स्वतः वस्तीत सभेला येणार होते. बाई बोलणार, मग मोठी लेक आणि धाकटी लेक व्यासपीठावर, मध्ये बाई, फोटो. त्या फोटोचा नवा तक्ता छापणार, चाळीस केंद्रांत लागणार.

"फोटो झाला की फिरती परत तुमची," डॉक्टर म्हणाले. "साहेबांनीच शब्द दिलाय."

बाई म्हणाली, "बघू." घरी तिनं काही सांगितलं नाही. पण पोरगी केंद्रातच कामाला, पत्र तिनंच टाइप केलं होतं. तीही काही बोलली नाही. सभेच्या दिवशी मात्र बाळाला मांडीवर घेऊन तिसऱ्या रांगेत येऊन बसली. काय होतं ते बघायलाच आली होती.

शंभर-सव्वाशे बायका जमल्या होत्या. अंतरबाई पोट घेऊन पडली ती आता काय बोलते, ह्याची करमणूक कुणाला चुकवायची नव्हती. साहेब नीटनेटके, चष्मेवाले. त्यांनी कुटुंबावर अर्धा तास भाषण केलं. मग फोटोवाल्याला खूण केली आणि म्हणाले, "आता बाई, तुमच्या दोन्ही मुलींना वर बोलवा. समाजाला आदर्श दिसू दे."

बाईनं तिसऱ्या रांगेकडे बघितलं. पोरगी सरळ तिच्याकडे बघत होती. बाईच्या जिभेवर एक वाक्य तयार होतं, बावीस वर्षांचं मुरलेलं, नुसतं तोंड उघडलं की पडलं असतं. तिनं ते गिळलं. गिळताना सगळ्यांना दिसलं.

"नाही आल्या, साहेब," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मुली आल्या नाहीत. घरी आहेत."

शंभर-सव्वाशे बायकांना तिसरी रांग दिसत होती. पोरगीला सगळी वस्ती जन्मापासून ओळखत होती, तिचे दात मोजले होते, मार्क पाठ होते. एकही मान वळली नाही. मोठे डॉक्टर पंख्याकडे बघायला लागले.

साहेबांनी वस्तीकडे नजर फिरवली. "खरं का? आल्या नाहीत?"

"नाही आल्या," पहिल्या रांगेतून इस्त्रीवाली म्हातारी म्हणाली. "आम्ही सकाळपासून बसलोय, आल्या असत्या तर दिसल्या नसत्या का?"

"नाही आल्या," मागच्या बायका म्हणाल्या.

आणि तिसऱ्या रांगेत बाळानं गळा काढला. आईचा आवाज, भिंती हलवणारा.

साहेबांनी चष्मा वर केला. "मग हे मूल कुणाचं?"

"माझं," म्हातारी म्हणाली.

"तुमचं? आजी, वय काय तुमचं?"

"अडुसष्ट." म्हातारी उठली, तिसऱ्या रांगेपर्यंत गेली, पोरगीच्या मांडीवरून बाळ उचललं. "आणि हिचं पाच महिने. अंगावर पिते अजून. जरा बाहेर घेऊन जाते साहेब, तुमचं चालू द्या." दारापाशी थांबून पोरगीला म्हणाली, "ये गं, तू पण ये. एकटीला झेपत नाही मला आता ह्या वयात."

पोरगी तोंडावर हात दाबून मागोमाग गेली. साहेब डॉक्टरांकडे बघत राहिले, डॉक्टर पंख्याकडे. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. फिरती गेली, हे बाईला तिथंच समजलं, आणि तिला हुंदका आला तो तिनं खोकून घालवला. समोर बायका बसल्या होत्या, हातात तक्ता नव्हता, दाखवायला पोर नव्हती.

"तर बायांनो," ती म्हणाली, "माझं कुठं चुकलं ते सांगते. लिहिता-वाचता येणाऱ्या बाईला पाच महिने कळत नाही, म्हणजे कसं, ते ऐका."

रिकाम्या पोटाच्या आवाजापाशी पोचेपर्यंत बायका एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. आणि मग मागून एकीनं विचारलं, बाई, माझी पण तीन महिने आली नाही, वय एकेचाळीस, मी पण कॅल्शियमच घेतेय. दुसरीनं विचारलं, तिसरीनं विचारलं. बावीस वर्षांत ज्या बायका तक्त्याकडे बघून नुसत्या माना डोलवत होत्या, त्या आता आपलं आपलं काढून बसल्या. साहेब कधी उठून गेले कुणाला कळलं नाही.

खिडकीबाहेर पायरीवर म्हातारी आणि पोरगी बसल्या होत्या. पोरगीनं रडणारं बाळ खांद्यावर टाकलं होतं आणि खिडकीतून आईला हातानं खुणावत होती, आटप लवकर, भूक लागलीय हिला.

"झालंच!" बाईनं हात करून सांगितलं, आणि पुढं अर्धा तास बोलली.